इक्लिप्समध्ये जावाएफएक्स: तांबड्या रेषा गेल्या, तरी खिडकी का उघडत नाही?

जावाएफएक्स, म्हणजे जावामध्ये खिडक्या आणि बटणं बनवण्याची लायब्ररी, इक्लिप्स या कोड लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये बसवताना अडकणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते. लायब्ररी जोडली, कोडखालच्या तांबड्या रेषा गेल्या, पण रन केलं की कन्सोलवर एरर. याचं कारण म्हणजे इक्लिप्सला ही लायब्ररी दोनदा दाखवावी लागते. एकदा कोड कंपाइल होताना आणि दुसऱ्यांदा प्रोग्रॅम चालताना. पहिली नोंद बिल्ड पाथमध्ये होते, दुसरी रन कॉन्फिगरेशनमध्ये. पहिली झाली की तांबड्या रेषा जातात आणि आपण समजतो काम झालं. दुसरी नोंद राहिलेलीच असते.

पुढचे टप्पे याच क्रमाने करा. मधला टप्पा गाळून पुढे गेलात तर एरर तीन टप्प्यांनंतर येतो आणि मूळ चूक सापडत नाही.

उदाहरणं विंडोजची आहेत. मॅक आणि लिनक्सचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे. मेनू, फाइली आणि आज्ञांची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. संगणकावर ती इंग्रजी लिपीतच, लहान-मोठ्या अक्षरांसह जशीच्या तशी टाकायची.

## टप्पा १: आधी जोडी जुळवा

जेडीके म्हणजे जावाचे प्रोग्रॅम बनवण्याचा आणि चालवण्याचा संच. जेडीके ८ मध्ये जावाएफएक्स बऱ्याचदा आतच मिळायचं. जेडीके ११ पासून ते वेगळं उतरवावं लागतं. म्हणून जुन्या व्हिडिओत "काहीच करायचं नाही, थेट इम्पोर्ट करा" असं दिसलं तर तो व्हिडिओ बंद करा.

जावाएफएक्सच्या प्रत्येक आवृत्तीला किमान कोणता जेडीके लागतो हे ठरलेलं आहे:

- जावाएफएक्स १७: जेडीके ११ किंवा पुढचा
- जावाएफएक्स २१: जेडीके १७ किंवा पुढचा
- जावाएफएक्स २३: जेडीके २१ किंवा पुढचा

नवशिक्यांनी फार विचार न करता जेडीके २१ आणि जावाएफएक्स २१ ही जोडी घ्यावी. दोन्ही दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्त्या आहेत आणि आकडा एकच असल्याने गोंधळ होत नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये जेडीके ११ असेल आणि तो बदलायची मुभा नसेल तर जावाएफएक्स १७ घ्या. घरी २१ आणि लॅबमध्ये ११ असा प्रकार असेल तर घरीही जावाएफएक्स १७ वरच राहा, म्हणजे एकच लायब्ररी दोन्हीकडे चालेल.

कमांड प्रॉम्प्ट उघडा, "जावा" हा शब्द टाका, एक स्पेस, मग डॅश आणि त्याला चिकटून "व्हर्जन". आलेला आकडा कागदावर लिहून ठेवा. टप्पा ३ मध्ये तो पुन्हा लागेल.

तपासणी: आकडा "१.८" ने सुरू होत असेल तर तो जेडीके ८ आहे. त्यावर यातलं काहीच चालणार नाही. मॉड्यूल-पाथ (लायब्ररी कुठे आहे ते सांगणारा, टप्पा ७ मधला पर्याय) त्याला ठाऊकच नाही, त्यामुळे "अनरेकग्नाइज्ड ऑप्शन" म्हणत तो जागीच थांबतो.

## टप्पा २: एसडीके उतरवा आणि नीट जागी ठेवा

जावाएफएक्सच्या बांधलेल्या प्रती ग्लूऑन या कंपनीच्या संकेतस्थळावर मिळतात. तिथे प्रत्येक आवृत्तीसमोर दोन प्रकार दिसतील: एसडीके आणि जेमॉड्स. आपल्याला एसडीके, म्हणजे लायब्ररीचा पूर्ण संच, हवा. जेमॉड्स हे प्रोग्रॅमसोबत स्वतःचा छोटा जावा रनटाइम बांधण्यासाठी असतात, इक्लिप्समध्ये जोडण्यासाठी नाहीत. ऑपरेटिंग सिस्टीमबरोबर प्रोसेसरही बघून निवडा. नेहमीच्या विंडोज लॅपटॉपला एक्स६४. एम मालिकेच्या चिपवाल्या मॅकला एआर्च६४.

एसडीके झिप स्वरूपात येतो, त्यामुळे ॲडमिन पासवर्ड लागत नाही. लॅबमध्ये बसून काम करणाऱ्यांना ही मोठी सोय आहे. मात्र झिपवर डबल क्लिक केल्यावर विंडोज ती फोल्डरसारखी उघडून दाखवतं, आणि काही जण त्यातल्याच जार फाइली (लायब्ररीचा बांधलेला जावा कोड) निवडायला जातात. आधी "एक्सट्रॅक्ट ऑल" करा.

एक्सट्रॅक्ट केल्यावर बहुतेक वेळा फोल्डरात फोल्डर तयार होतो. बाहेरचा झिपच्या नावाचा, आतला "जावाएफएक्स-एसडीके-२१" अशा नावाचा. हा आतला फोल्डर उचलून सी ड्राइव्हच्या मुळाशी ठेवा आणि नाव लहान करा, उदाहरणार्थ "एफएक्स२१". तिथे लिहायची परवानगी नसेल तर डी ड्राइव्हवर ठेवा.

जागा निवडताना तीन गोष्टी टाळा:

- डेस्कटॉप किंवा डॉक्युमेंट्स. नव्या विंडोजमध्ये हे फोल्डर बऱ्याचदा वनड्राइव्हशी जोडलेले असतात. फाइल दिसते, पण प्रत्यक्षात ती क्लाउडवर असते आणि इंटरनेट गेलं की जार उघडत नाही. गोव्यात सत्तरी-सांग्याच्या बाजूला पावसात नेटवर्क गेल्यावर "काल चालत होतं, आज नाही" हा प्रकार इथूनही येतो.
- स्पेस असलेला मार्ग. अवतरणचिन्हं दिली तर चालतं, पण ती एकदा तरी विसरली जातातच.
- देवनागरी नावाचा फोल्डर. "प्रकल्प" असं नाव ठेवायचा मोह होतो. कोडच्या आत मराठी हवी तेवढी लिहा. फोल्डरचा मार्ग मात्र साध्या इंग्रजी अक्षरांत असू द्या.

तपासणी: एफएक्स२१ उघडल्यावर लगेच "बिन", "लीगल" आणि "लिब" हे तीन फोल्डर दिसले पाहिजेत. लिबमध्ये आठ जार फाइली, एक "एसआरसी" नावाची झिप आणि एक प्रॉपर्टीज फाइल असते. एक्सट्रॅक्ट करताना झिप खराब असल्याचा संदेश आला तर डाउनलोड अर्धवट आहे. जून ते सप्टेंबर विजेचा भरवसा नसताना हे हमखास घडतं. दुरुस्त करत बसू नका, फाइल पुसून पुन्हा उतरवा.

सावधान: विंडोजवर फक्त लिब फोल्डर उचलून पेनड्राइव्हवर नेऊ नका. चित्र काढणाऱ्या डीएलएल फाइली बिनमध्ये असतात आणि जार त्यांना शेजारच्याच बिनमध्ये शोधतात. त्या नसतील तर कोड कंपाइल होतो, प्रोग्रॅम सुरूही होतो आणि मग "नो सुटेबल पाइपलाइन फाउंड" म्हणून कोसळतो.

## टप्पा ३: इक्लिप्स कोणता जावा वापरतंय ते बघा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. अलीकडच्या इक्लिप्ससोबत त्याचा स्वतःचा जावा येतो. कमांड प्रॉम्प्टवर एक आकडा आणि इक्लिप्सच्या आत दुसराच, असं त्यामुळे होतं.

विंडो → प्रेफरन्सेस → जावा → इन्स्टॉल्ड जेआरईज उघडा. (मॅकवर प्रेफरन्सेस इक्लिप्सच्या नावाच्या मेनूत असतात.) यादीतल्या ओळीत "जस्टजे" असा शब्द किंवा इक्लिप्सच्या "प्लगइन्स" फोल्डरचा मार्ग दिसला, तर तो इक्लिप्सचा स्वतःचा जावा. ॲड → स्टँडर्ड व्हीएम → डिरेक्टरी करून आपला जेडीके दाखवा आणि त्याच्यासमोर खूण करा. दाखवायचा तो जेडीकेचा मुख्य फोल्डर, त्यातला बिन नव्हे.

मग त्याच प्रेफरन्सेसमध्ये जावा → कंपायलर उघडून "कंप्लायन्स लेव्हल" जेडीकेच्या आकड्याइतकी किंवा त्याहून कमी आहे हे बघा.

तपासणी: जावाएफएक्स न वापरणारा, एक ओळ छापणारा साधा प्रोग्रॅम चालवा. तोच चालत नसेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

## टप्पा ४: युजर लायब्ररी बनवा

प्रत्येक प्रोजेक्टला सुट्या जार जोडण्यापेक्षा त्यांचा एक गठ्ठा बांधून त्याला नाव द्यावं. आवृत्ती बदलायची वेळ आली की एकाच जागी बदल करता येतो.

१. विंडो → प्रेफरन्सेस → जावा → बिल्ड पाथ → युजर लायब्ररीज.
२. "न्यू" दाबा, नाव "जावाएफएक्स२१" द्या. खालच्या "सिस्टम लायब्ररी" या चौकोनात खूण करू नका.
३. नाव निवडलेलं ठेवून "ॲड एक्सटर्नल जार्स" दाबा आणि एफएक्स२१ च्या लिबमध्ये जा.
४. "जावाएफएक्स" आणि टिंब यांनी सुरू होणाऱ्या सात जार निवडा: बेस, कंट्रोल्स, एफएक्सएमएल, ग्राफिक्स, मीडिया, स्विंग, वेब.
५. "अप्लाय अँड क्लोज".

आठवी जार, नावात टिंबाऐवजी डॅश असलेली "जावाएफएक्स-एसडब्ल्यूटी", आपल्याला नको.

सावधान: कंट्रोल आणि ए दाबून सगळं निवडू नका. तसं केलं की एसआरसी झिपही आत जाते. ती मॉड्यूल-पाथवर गेली की "मॉड्यूल फॉरमॅट नॉट रेकग्नाइज्ड" हा एरर येतो आणि त्यात त्याच झिपचं नाव असतं. गेली असेल तर यादीत निवडून "रिमूव्ह" करा.

## टप्पा ५: प्रोजेक्ट बनवा, पण मॉड्यूल-इन्फोचा निर्णय आधी घ्या

फाइल → न्यू → जावा प्रोजेक्ट. खिडकीच्या खालच्या भागात "क्रिएट मॉड्यूल-इन्फो" असा चौकोन असतो. शिकत असाल तर त्याची खूण काढा. ती फाइल असली की कोणतं मॉड्यूल लागतं आणि कोणतं पॅकेज कोणाला उघडं आहे, हे सगळं हाताने लिहावं लागतं. पहिल्याच दिवशी ही कटकट ओढवून घ्यायला नको.

प्रोजेक्टवर राइट क्लिक → बिल्ड पाथ → कॉन्फिगर बिल्ड पाथ → लायब्ररीज. इथे मॉड्यूलपाथ आणि क्लासपाथ असे दोन मथळे दिसतील. क्लासपाथवर क्लिक करून तो निवडा, मग ॲड लायब्ररी → युजर लायब्ररी → जावाएफएक्स२१. मथळा निवडला नाही तर ॲडचं बटण मंद राहतं आणि आपण उगाच दुसरीकडे शोधत बसतो.

मॉड्यूल-इन्फो हवीच असेल, तर लायब्ररी मॉड्यूलपाथखाली जोडा आणि फाइलमध्ये "रिक्वायर्स" लिहून कंट्रोल्स आणि एफएक्सएमएल ही मॉड्यूल्स घ्या. आपलं पॅकेज ग्राफिक्स मॉड्यूलला "एक्सपोर्ट्स" करा आणि एफएक्सएमएल मॉड्यूलला "ओपन्स" करा. या पद्धतीत टप्पा ७ मधल्या आज्ञांची गरज पडत नाही, कारण इक्लिप्स स्वतःच मॉड्यूल-पाथ पुढे पाठवतं.

फजिती होते ती दोन्हींची सरमिसळ झाल्यावर. मॉड्यूल-इन्फो आहे आणि लायब्ररी क्लासपाथवर, अशा वेळी इम्पोर्टखाली "इज नॉट ॲक्सेसिबल" असा एरर दिसतो. लायब्ररी समोर दिसत असते, तरी ती बंद दाराआड आहे असं इक्लिप्स म्हणतं. फाइल पुसा, नाहीतर लायब्ररी मॉड्यूलपाथवर हलवा. दोन्ही करू नका.

## टप्पा ६: पहिली खिडकी

पहिल्या प्रोग्रॅमला एफएक्सएमएल (खिडकीची मांडणी वेगळ्या फाइलमध्ये लिहिण्याची पद्धत) नको, डिझाइन नको. एक लेबल, एक ड्रॉपडाउन (कॉम्बोबॉक्स) आणि एक बटण पुरे. ड्रॉपडाउनमध्ये गोव्याचे १२ तालुके भरा: पेडणे, बार्देश, तिसवाडी, डिचोली, सत्तरी, फोंडा, मुरगाव, साष्टी, केपे, सांगे, काणकोण, धारबांदोडा. ही यादी उगाच निवडलेली नाही; टप्पा ९ मध्ये तिचा उपयोग आहे.

"एसआरसी" या सोर्स फोल्डरमध्ये आधी पॅकेज बनवा, मग त्यात "मेन" नावाचा क्लास. क्लास "ॲप्लिकेशन"ला एक्सटेंड करतो. "स्टार्ट" मेथडमध्ये व्हीबॉक्स (घटक एकाखाली एक मांडणारा डबा) तयार करून त्यात तिन्ही घटक टाका, व्हीबॉक्स सीनला (खिडकीच्या आतल्या भागाला) द्या, सीन स्टेजला (खिडकीला) द्या आणि शेवटी स्टेजवर "शो" बोलवा. "मेन" मेथडमध्ये एकच ओळ, "लाँच".

इथे दोन चुका वारंवार दिसतात.

चुकीचं इम्पोर्ट. "बटन", "लेबल" आणि "ॲक्शनइव्हेंट" ही नावं जावाच्या जुन्या एडब्ल्यूटी लायब्ररीतही आहेत. इक्लिप्स पर्याय दाखवतं, आपण वरचा उचलतो आणि मग "व्हीबॉक्समध्ये हे बटण जात नाही" असा न समजणारा एरर येतो. इम्पोर्टच्या ओळीत "एडब्ल्यूटी" दिसलं की ती ओळ पुसा, बटण आणि लेबल "जावाएफएक्स.सीन.कंट्रोल"मधूनच आले पाहिजेत. कायमचा उपाय म्हणजे प्रेफरन्सेस → जावा → ॲपिअरन्स → टाइप फिल्टर्समध्ये एडब्ल्यूटीचं पूर्ण पॅकेज नाव टिंब आणि तारकेसह टाका. मग ती नावं सूचनेत येतच नाहीत. जावाएफएक्स शिकणाऱ्या प्रत्येकाने हे पहिल्याच दिवशी करून टाकावं.

"शो" विसरणं. एरर येत नाही, खिडकीही येत नाही, आणि कन्सोलवरचं थांबवण्याचं लाल बटण मात्र पेटलेलं राहतं. प्रोग्रॅम चालू आहे, फक्त दाखवायला काही नाही. लाल बटण दाबून थांबवा. न थांबवता पुन्हा पुन्हा रन केलंत तर मागे तेवढे प्रोग्रॅम साठतात.

आता रन ॲज → जावा ॲप्लिकेशन. मॉड्यूल-इन्फो नसेल तर एरर येईल आणि तो यायलाच हवा: "जावाएफएक्स रनटाइम कंपोनंट्स आर मिसिंग". कंपाइलची बाजू पूर्ण झाली, चालवण्याची बाकी आहे, एवढाच त्याचा अर्थ. या फसलेल्या रनमुळे एक फायदाही झाला: इक्लिप्सने या क्लाससाठी रन कॉन्फिगरेशन तयार केलं.

## टप्पा ७: व्हीएम आर्ग्युमेंट्स

निम्म्याहून अधिक लोक इथेच अडकतात, म्हणून सावकाश करा.

रन → रन कॉन्फिगरेशन्स. डावीकडे जावा ॲप्लिकेशनखाली आपला मेन निवडा, उजवीकडे "आर्ग्युमेंट्स" टॅब. आत दोन मोकळे चौकोन आहेत. वरचा प्रोग्रॅम आर्ग्युमेंट्सचा, खालचा व्हीएम आर्ग्युमेंट्सचा, म्हणजे जावाला सुरू होतानाच द्यायच्या सूचनांचा. लिहायचं ते खालच्यात. वरच्यात लिहिलं तर इक्लिप्स काही कुरकुर करत नाही. तोच जुना एरर पुन्हा येतो आणि आपण मार्ग तपासत बसतो.

लिहायची ओळ अशी:

--मॉड्यूल-पाथ "सी:\एफएक्स२१\लिब" --ॲड-मॉड्यूल्स जावाएफएक्स.कंट्रोल्स,जावाएफएक्स.एफएक्सएमएल

बोलून सांगायचं तर: दोन डॅश, त्यांना चिकटून मॉड्यूल, एक डॅश, पाथ. स्पेस. दुहेरी अवतरणात लिब फोल्डरचा पूर्ण मार्ग. स्पेस. पुन्हा दोन डॅश, ॲड, एक डॅश, मॉड्यूल्स. स्पेस. मग मॉड्यूल्सची नावं, स्वल्पविरामाने जोडलेली. स्वल्पविरामानंतर स्पेस नाही. स्पेस दिली तर पुढचं नाव वेगळा शब्द धरलं जातं आणि जावा त्यालाच मुख्य क्लास समजून शोधायला जातो. सगळी अक्षरं लहान.

या एका ओळीत होणाऱ्या चुका:

मार्ग लिबपर्यंत न जाणं. एफएक्स२१ वर थांबलात तर "मॉड्यूल जावाएफएक्स.कंट्रोल्स नॉट फाउंड". जार ज्या फोल्डरात प्रत्यक्ष आहेत त्याचाच मार्ग हवा. फाइल एक्सप्लोररमध्ये लिब उघडून वरच्या पट्टीतून कॉपी करा, आठवणीने टाइप करू नका.

शेवटी उलटा तिरका. लिबनंतर तिरकी रेघ देऊन अवतरण बंद केलं, तर ती रेघ अवतरणचिन्हाला गिळते आणि पुढची अख्खी ओळ मार्गाचाच भाग बनते.

व्हॉट्सॲप किंवा वर्डमधून चिकटवलेली ओळ. मित्राने पाठवलेली ओळ दिसायला अगदी बरोबर असते. पण दोन डॅशची मध्येच एक लांब रेघ झालेली असते आणि सरळ अवतरणांची वळणदार. जावाला ती लांब रेघ ओळखता येत नाही, म्हणून तो त्या शब्दालाच क्लासचं नाव समजतो आणि "कुड नॉट फाइंड ऑर लोड मेन क्लास" म्हणतो. त्या एररमध्ये पुढे "मॉड्यूल-पाथ" हा शब्द दिसला की समजा, रेघ बिघडली आहे. डॅश आणि अवतरणं पुसून हाताने टाका.

दुसरा क्लास, तोच एरर. रन कॉन्फिगरेशन प्रत्येक मुख्य क्लासचं वेगळं असतं. त्याच प्रोजेक्टमध्ये दुसरी खिडकी बनवली तर तिला ही ओळ पुन्हा द्यावी लागते.

रोज नवा प्रोग्रॅम करणाऱ्यांसाठी पळवाट आहे: इन्स्टॉल्ड जेआरईजमध्ये आपला जेडीके निवडून "एडिट" केलं की "डिफॉल्ट व्हीएम आर्ग्युमेंट्स" अशी जागा मिळते. तिथे ओळ टाकली की सगळ्या प्रोजेक्टना लागू होते. तोटा असा की उद्या एफएक्स२१ फोल्डर हलवला, तर जावाएफएक्सशी संबंध नसलेले साधे प्रोग्रॅमही बंद पडतील. स्वतःच्या लॅपटॉपवर करा. लॅबच्या पीसीवर नको, तिथे पुढच्या बॅचला कारण सापडणार नाही.

मॅकसाठी: याच टॅबवर "एक्सस्टार्टऑनफर्स्टथ्रेड" असा उल्लेख असलेला चौकोन असतो. त्याची खूण काढा. राहिली तर खिडकी येतच नाही, प्रोग्रॅम लटकतो.

तपासणी: रन कॉन्फिगरेशन्सच्या खिडकीतलं "शो कमांड लाइन" बटण दाबा. इक्लिप्स जावाला जे सांगणार आहे ते सगळं तिथे दिसतं. मॉड्यूल-पाथ हा शब्द मुख्य क्लासच्या नावाच्या आधी असला पाहिजे. नंतर असेल तर ओळ वरच्या चौकोनात गेली आहे.

## टप्पा ८: तरीही उघडलं नाही तर

कन्सोलवर पन्नास ओळी आल्या की लोक वरची वाचतात: "एक्सेप्शन इन ॲप्लिकेशन स्टार्ट मेथड". त्या ओळीतून काहीच कळत नाही. खाली जा, "कॉज्ड बाय" शोधा, आणि असे अनेक असतील तर सर्वांत शेवटचा वाचा.

- अनसपोर्टेड क्लास व्हर्जन: टप्पा १ ची जोडी चुकली. एररमध्ये दोन आकडे असतात: ५५ म्हणजे जेडीके ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१. मोठा आकडा लायब्ररीला काय हवं ते सांगतो, लहान आकडा तुमच्याकडे काय आहे ते.
- नो सुटेबल पाइपलाइन: बिन फोल्डर हरवला, किंवा वेगळ्या प्रोसेसरचा एसडीके उतरवला.
- डझ नॉट एक्सपोर्ट: मॉड्यूल-इन्फो आहे आणि त्यात पॅकेज ग्राफिक्सला दिलेलं नाही.
- वर्कस्पेस इन यूज: हा जावाएफएक्सचा एरर नाही. वर्कस्पेस म्हणजे इक्लिप्स आपली सेटिंग ठेवतं तो फोल्डर. दुसरं इक्लिप्स चालू असेल, किंवा वीज गेल्यावर जुनी जावा प्रक्रिया अडकून राहिली असेल. टास्क मॅनेजरमधून ती बंद करा.

## टप्पा ९: मराठी अक्षरं

खिडकी उघडली, पण तालुक्यांच्या जागी चौकोन, प्रश्नचिन्हं किंवा टोपी घातलेली युरोपीय अक्षरं दिसतात. या तीन वेगळ्या बिघाडांची कारणंही वेगळी आहेत.

युरोपीय अक्षरं म्हणजे फाइल एका एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत) जतन झाली आणि दुसऱ्यात वाचली गेली. प्रेफरन्सेस → जनरल → वर्कस्पेसमध्ये "टेक्स्ट फाइल एन्कोडिंग" यूटीएफ-८ करा. जुन्या वर्कस्पेसमध्ये तिथे सीपी१२५२ असतं आणि फाइल जतन करताना "काही अक्षरं बसत नाहीत" असा इशारा येतो. त्यात यूटीएफ-८ मध्ये जतन करण्याचा पर्याय असेल तो घ्या. इशारा डावलून जतन केलंत तर अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात आणि ती परत येत नाहीत, पुन्हा टाइप करावी लागतात.

खिडकीत मराठी नीट पण कन्सोलवर प्रश्नचिन्हं, असं असेल तर रन कॉन्फिगरेशनच्या "कॉमन" टॅबवर एन्कोडिंग यूटीएफ-८ करा.

चौकोन म्हणजे फॉन्ट नाही. विंडोजवर "निर्मला यूआय" देवनागरीसाठी चांगला चालतो. फॉन्टचं नाव चुकलं तर जावाएफएक्स तक्रार न करता सिस्टीमचा फॉन्ट वापरतं, म्हणून बदल दिसला नाही की आधी स्पेलिंग तपासा. लिनक्सवर नोटो किंवा लोहितचा देवनागरी फॉन्ट बसवावा लागू शकतो.

फॉन्टची परीक्षा "पणजी" लिहून होत नाही. त्यात जोडाक्षरच नाही. "कुंकळ्ळी", "म्हापसा" आणि "दुसऱ्या" हे तीन शब्द लेबलवर लावून बघा. ळ्ळ एकमेकांना नीट जोडला गेला, म्हा सलग आला आणि ऱ्याचा आडवा र दिसला तर फॉन्ट पास. "दुसऱ्या"मध्ये रफार चढलेला दिसला तर बहुतेक वेळा दोष टायपिंगचा असतो: साध्या र ऐवजी नुक्ता असलेला ऱ टाइप करावा लागतो.

आता ड्रॉपडाउन उघडा. तालुके १० दिसतील आणि बाजूला स्क्रोल पट्टी येईल. काही बिघडलेलं नाही. कॉम्बोबॉक्स एका वेळी दहाच ओळी दाखवतो, त्याची मूळ सेटिंगच तशी आहे. "सेटव्हिजिबलरोकाउंट"ला १२ दिलं की काणकोण आणि धारबांदोडाही समोर येतात.

## टप्पा १०: सीन बिल्डर आणि एफएक्सएमएल

हे टप्पा ७ पूर्ण झाल्यावरच. सीन बिल्डर, म्हणजे माउसने खिडकी मांडून एफएक्सएमएल फाइल तयार करणारा प्रोग्रॅम, हाही ग्लूऑनकडूनच मिळतो. वेगळा उघडून वापरला तरी चालतो, इक्लिप्सच्या प्लगइनची सक्ती नाही.

एफएक्सएमएल फाइल मेन क्लासच्याच पॅकेजमध्ये, सोर्स फोल्डरच्या आत ठेवा. प्रोजेक्टच्या मुळाशी ठेवली तर ती बिल्डमध्ये जात नाही आणि "लोकेशन इज नॉट सेट" येतं. नावातली लहान-मोठी अक्षरंही जुळली पाहिजेत. विंडोजवर चूक खपून जाते, जार बनवल्यावर किंवा लिनक्सवर खपत नाही.

सीन बिल्डरमध्ये बदल करून जतन केलं, इक्लिप्समध्ये रन केलं, आणि जुनीच खिडकी आली? इक्लिप्सला बाहेरून झालेला बदल कळलेला नसतो. प्रोजेक्टवर क्लिक करून एफ५ दाबा, मग रन करा. प्रेफरन्सेस → जनरल → वर्कस्पेसमध्ये "रिफ्रेश युजिंग नेटिव्ह हुक्स" चालू केलं की हे दरवेळी करावं लागत नाही.

सीन बिल्डरमधला एफएक्स-आयडी (घटकाला दिलेलं नाव) आणि कंट्रोलरमधल्या (बटणांमागचा कोड असलेल्या क्लासमधल्या) व्हेरिएबलचं नाव अक्षरशः एक हवं, आणि व्हेरिएबलच्या वर एफएक्सएमएलचं ॲनोटेशन हवं. जुळलं नाही तर व्हेरिएबल रिकामंच राहतं आणि बटण दाबल्यावर "नल पॉइंटर" येतो. हाताने लिहिण्यापेक्षा सीन बिल्डरच्या व्ह्यू मेनूतलं "शो सॅम्पल कंट्रोलर स्केलेटन" उघडून तिथून कॉपी करा. आवृत्त्यांचा इशारा आला, म्हणजे फाइल नव्या जावाएफएक्सची आणि चालवणारं जुनं, तर साध्या फॉर्मसाठी तो सोडून दिला तरी चालतो.

## टप्पा ११: प्रोजेक्ट दुसऱ्या संगणकावर नेताना

मडगावला घरी केलेला प्रोजेक्ट पणजीच्या लॅबमध्ये दाखवायचा असेल, तर पेनड्राइव्हवर दोन गोष्टी घ्या: प्रोजेक्टचा फोल्डर आणि पूर्ण एफएक्स२१. वर्कस्पेस नेऊ नका. त्यातल्या सेटिंगमध्ये घरच्या ड्राइव्हचे मार्ग असतात.

तिथे पोचल्यावर फाइल → इम्पोर्ट → एक्झिस्टिंग प्रोजेक्ट्स. युजर लायब्ररी प्रोजेक्टसोबत येत नाही, फक्त तिचं नाव येतं. म्हणून टप्पा ४ पुन्हा करा आणि नाव तेच द्या. मग प्रोजेक्टला ती आपोआप सापडते. टप्पा ७ ची ओळही नव्या मार्गाने टाका. सवय झाली की पाच मिनिटांचं काम आहे, पण ते परीक्षकांसमोर करण्याऐवजी दहा मिनिटं आधी पोचून करा.

रनेबल जार बनवून डबल क्लिक करायचा बेत असेल तर थांबा. मुख्य क्लास ॲप्लिकेशनला एक्सटेंड करत असेल तर अशी जार टप्पा ६ च्याच एररवर अडते. शिवाय एसडीकेच्या जारमध्ये डीएलएल नसतात, त्या बिनमध्येच राहतात. त्यापेक्षा एका फोल्डरात साधी जार, एफएक्स२१ आणि एक बॅच फाइल ठेवा. बॅच फाइलमध्ये आधी "जावा" हा शब्द, मग टप्पा ७ चीच ओळ, पुढे डॅश सीपी आणि जारचं नाव, शेवटी मुख्य क्लासचं पॅकेजसह पूर्ण नाव. लिबचा मार्ग ड्राइव्हच्या अक्षराने सुरू न करता थेट "एफएक्स२१\लिब" असा लिहा, म्हणजे पेनड्राइव्ह तिथे ई झाला काय आणि एफ झाला काय, फरक पडत नाही. त्या पीसीवरचा जेडीके किमान १७ आणि टप्पा ३ मधल्या कंप्लायन्स लेव्हलइतका तरी आहे का, एवढं मात्र आधी विचारून घ्या.